शंभर टोमॅटो आणि दादाचे हात

दुसऱ्याचं काम सुधारून द्यायची खोड आमच्या घराण्यात आहे. ती कुठून आली देव जाणे, पण आहे. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे माझ्या बाबतीत लोक ती खपवून घेतात. बाईच त्या, त्यांची सवयच ती, असं म्हणून सोडून देतात. माझ्या थोरल्या भावाला ही सवलत नव्हती. दादा ट्रक चालवायचा. मळ्यांतून भाजी भरायची आणि शहराच्या मोठ्या बाजारात नेऊन उतरवायची, हे त्याने अठ्ठावीस वर्षं केलं. तेवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणी भरलेला एक तरी ट्रक त्याला पसंत पडला असेल, तर मी नाव बदलीन.

त्याचा स्वतःचा हात मात्र सोन्यासारखा होता, हे मला सख्खी बहीण असूनही कबूल करावं लागतं. पिकलेला माल केबिनला चिकटून, कच्चा मागे, कारण धक्के मागच्या चाकांवर जास्त बसतात. क्रेट काठोकाठ भरायचा नाही, दोन बोटं जागा सोडायची, म्हणजे वरच्या क्रेटचं बूड खालच्या मालाच्या उरावर बसत नाही. ताडपत्री मालाला टेकू द्यायची नाही, मधून वारा खेळला पाहिजे. हे मला ट्रक न चालवताही पाठ आहे, कारण अठ्ठावीस वर्षं प्रत्येक जेवणाबरोबर ते ऐकत आले.

मग पाठीने दगा दिला. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून बघितला आणि यापुढे मोठ्या गाडीचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. दादाने ट्रक विकला, किल्ली देऊन पायी घरी आला, जेवायला बसला आणि पहिला घास घेऊन म्हणाला की भाजी दोन मिनिटं आधी उतरवायला हवी होती. वहिनीच्या काळजात धस्स झालं ते तिथेच.

वहिनी घरी पडदे शिवते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, भिंतीला कापडाचे तागे, सगळं तिच्या सोयीने लावलेलं. दादाने पहिल्या आठवड्यात ते तागे वजनाप्रमाणे लावले, जड खाली आणि हलके वर. दुसऱ्या आठवड्यात मशीन खिडकीपासून हलवलं. तिसऱ्या महिन्यात वहिनी जिना उतरून खाली माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुमच्या भावाला काहीतरी काम शोधा, नाहीतर मी माहेरी जाते. वहिनीला माहेर उरलेलंच नाही. त्यामुळे प्रकरण हाताबाहेर गेलं आहे हे मी ओळखलं.

चेष्टा पुरे. मला खरं तर त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो गॅलरीत उभा राहून रस्त्यावरचे ट्रक बघायचा. कुणाची दोरी ढिली, कुणाची ताडपत्री फडफडतेय. एकदा दुपारी मी खालून बघितलं, त्याने एका ड्रायव्हरला थांब म्हणून हात वर केला होता. ट्रक निघून गेला, ड्रायव्हरने मान वर करून पाहिलंही नाही, आणि दादाचा हात जरा वेळ तसाच वर राहिला. छप्पन्न वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, जगाला आता आपली गरज नाही असं मनात घेऊन बसला होता. मला रडूच आलं.

भाजी उत्पादकांच्या सोसायटीच्या दारावर ती नोटीस मीच वाचली. शाश्वत अन्न मूल्यसाखळीचे विश्लेषण आणि आराखडा, तज्ज्ञांसाठी प्रशिक्षण, मुदत सहा महिने. घरी येऊन दादाला मोठ्याने वाचून दाखवली. त्यातलं ‘आणि’ तेवढं कळलं, असं म्हणून तो पुन्हा गॅलरीत निघाला. मी त्याला खाली बसवला आणि शाळेतल्या मुलांना सांगतात तसं समजावलं. भाजी शेतातून ताटात येईपर्यंत दहा हातांतून जाते. कुठे काय नासतं, कुणाच्या कष्टाचं चीज होत नाही, पाणी आणि डिझेल कुठे फुकट जातं, हे शोधायचं आणि मग ते कसं सुधारेल याचा नकाशा काढायचा. पदवी हवी किंवा वीस वर्षांचा अनुभव. आणि उत्तीर्ण होतील त्यांच्यातल्या दोघांना सोसायटी सल्लागार म्हणून घेणार होती. म्हणजे मळ्यांवर हिंडायचं आणि लोकांना त्यांचं कुठे चुकतंय ते सांगायचं. दादा ताठ बसला. लोकांच्या चुका दाखवायला माणूस नेमतात, ही गोष्ट त्याला छप्पन्न वर्षांत कुणी सांगितलीच नव्हती.

वर्गात तेरा जण होते. दादा सोडून बाकीचे सगळे, तो ट्रक चालवायला लागल्यानंतर जन्माला आलेले. खोली सोसायटीच्या गोदामाच्या वर, तीन खिडक्या, एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी कागद चिकटवलेला. शिकवणाऱ्या मॅडम अंगाने काडी आणि आवाजाने ढोल. त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते, आणि ते त्या रोज विचारायच्या. या साखळीत प्रत्येकाचं पोट भरतंय का, कुणावर अन्याय होतोय का, आणि माती, पाणी, हवा यांना हे किती वर्षं झेपेल. पहिल्याच दिवशी टोमॅटोची साखळी काढायला सांगितली. मुलांनी चौकोन काढले, बाण काढले, रंग भरले. दादाने रस्ता काढला, त्यातल्या खड्ड्यांसकट. मुलं हसली, पण मॅडमनी तो कागद काढू दिला नाही. सहा महिने तो भिंतीवर होता. मुलंही पुढे त्याला काका म्हणायला लागली आणि डबा खाताना त्याच्या भोवती कोंडाळं करून बसायला लागली.

अभ्यासात सगळ्यात मोठं काम पाहणीचं होतं. शंभर टोमॅटोंना देठाजवळ निळी टिकली चिकटवायची, ते एका गाडीच्या मालात पसरून टाकायचे, आणि मळ्यापासून दुकानापर्यंत त्यांच्याबरोबर जायचं. दुकानात पोचल्यावर शंभरातले किती धड राहिले ते मोजायचं. नियम एकच होता आणि तो मॅडमनी फळ्यावर लिहूनच ठेवला होता. बघायचं, विचारायचं, लिहायचं, हात लावायचा नाही. तुम्ही हात लावलात की ती साखळी तुमची झाली, लोकांची राहिली नाही, असं त्या म्हणायच्या. जो नियम मोडेल त्याची पाहणी रद्द, आणि पाहणी नाही त्याला प्रमाणपत्र नाही.

पाहण्या झाल्या. कुणाचे एकोणीस टोमॅटो नासले, कुणाचे तेवीस, एका मुलीचे सव्वीस. दादाचे चार. मॅडम आ वासून बघत राहिल्या. सोसायटीच्या बैठकीत तो आकडा वाचला गेला. तिथल्या लोकांनी लगेच निष्कर्ष काढला की वाहतुकीत फारसं बिघडलेलं नाही, पोरांनीच मोजण्यात घोळ घातला असेल, जुना जाणता माणूस म्हणतोय चार तर चारच. ट्रक आणि बाजाराचं गेट यांच्यामागे लागण्यापेक्षा सगळा जोर शीतगृहावर लावू, असं घाटायला लागलं. दादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सल्लागाराची जागा जवळजवळ खिशात होती.

त्या रविवारी त्याने आम्हा दोघींना पाहणीची हकिकत सांगितली, आणि सांगताना रंगात आला. ड्रायव्हर एक तरुण मुलगा होता. बाजारात त्याला भिंगरी म्हणतात, कारण तो एका जागी ठरत नाही. तर या भिंगरीने गाडी इतकी वाईट भरली होती की दादाने सगळे क्रेट उतरवून पुन्हा रचले. हमालांना दोन बोटांचा धडा दिला. ताडपत्री सोडून नव्याने बांधली. वाटेत दोनदा गाडी झाडाखाली घ्यायला लावली. बाजाराच्या गेटवर जुनी ओळख काढून रांगेच्या मधून गाडी आत घुसवली. वहिनी कौतुकाने ऐकत होती. मी मात्र ताट बाजूला सारलं.

“दादा, तू क्रेट उतरवलेस?”

“उतरवणारच. तू रचलेले बघायला हवे होतेस.”

“मग ते चार टोमॅटो त्यांच्या गाडीतले नाहीत. ते तुझ्या गाडीतले आहेत.”

त्याला पटकन कळलं नाही. डोळ्यांदेखत माल नासू द्यायचा की काय, असं तो माझ्यावरच उखडला. मी म्हटलं, मी मुलाचा हात धरून फळ्यावर उत्तर लिहिलं आणि मग मुलगा हुशार आहे असा शेरा मारला, तर चालेल का? मग मात्र त्याला कळलं. त्याचा चेहरा असा उतरला की मला माझ्याच जिभेचा राग आला. एका जेवणापुरतं गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं.

पुढचे दोन दिवस त्याने कुणाची एक चूक काढली नाही. वहिनी येऊन सांगायची की आज भाजीत मीठ नव्हतं तरी निमूट जेवले, आता मात्र मला भीती वाटते. मला त्याची घालमेल कळत होती. सांगितलं तर पाहणी रद्द, प्रमाणपत्र गेलं आणि नोकरीही गेली. पुन्हा गॅलरी. नाही सांगितलं तर कुणालाही कधी कळणार नव्हतं. फक्त शेकडो गाड्यांतला माल तसाच नासत राहणार, आणि कागदावर लिहिलेलं असणार की नासत नाही. माझं बोलून झालेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून जिना उतरला. “छोटी, चल बरोबर,” म्हणाला. मी चोपन्न वर्षांची आहे, पण त्याच्या लेखी छोटीच. “एकटा गेलो तर वाटेतून परत येईन.”

मी मागच्या बाकावर बसले आणि त्याने सगळ्या वर्गासमोर उभं राहून सांगितलं. आवाज खाली गेला होता, पण काही लपवलं नाही, गेटवरची ओळखसुद्धा सांगितली. मॅडम खडू घेऊन उठल्या आणि त्याने कशाकशाला हात लावला ते फळ्यावर एकाखाली एक लिहीत गेल्या. अकरा गोष्टी भरल्या. मुलं ते वहीत उतरवून घ्यायला लागली. माझी फजितीसुद्धा परीक्षेला येणार की काय, असं दादा पुटपुटला तेव्हा जरा हशा झाला आणि खोलीत हवा आली.

पण मॅडमनी नियम सोडला नाही. पाहणी रद्द. सोसायटीला त्या स्वतः सांगणार होत्या. हंगाम संपायला तीन आठवडे होते, तेवढ्यात पुन्हा पाहणी करायची, त्याच मार्गावर, त्याच गाडीतून आणि साक्षीदार बरोबर घेऊन. साक्षीदार तुमच्या बहीणबाईच असू देत, त्यांची नजर बारीक दिसते, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. एका क्रेटला बोट लागलं तरी त्यांनी सांगायचं, आणि मग पुन्हा संधी नाही.

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा ट्रकच्या केबिनमध्ये चढले. चढले म्हणण्यापेक्षा दादाने खालून आणि भिंगरीने वरून मला आत भरली म्हणा. भिंगरी दादाला बघून खूश झाला नव्हता, आणि त्याने ते लपवलंही नाही. आज कुठून सुरुवात करायची काका, चाकंच काढून देऊ का, असं त्याने विचारलं. मागच्या वेळी हमालांच्या देखत त्याची अख्खी गाडी उपसली होती, आणि पंधरा दिवस सगळा बाजार त्याला त्यावरून पिडत होता. दादा वही उघडून निमूट उभा राहिला.

गाडी भरली गेली. अरे देवा. मी ट्रकवाली नाही, पण मलाही दिसत होतं. क्रेट शिगेपर्यंत भरलेले, हमाल वरचा क्रेट ठेवून वर बुक्की मारून दाबत होते. पिकलेला माल थेट मागे. दादाचे हात असे शिवशिवत होते की त्याने आधी ते पाठीमागे बांधले, मग खिशात कोंबले, शेवटी केबिनमध्ये चढून मांड्यांखाली घेऊन बसला. आरशात एका क्रेटमधला लालबुंद टोमॅटो चेपला जाताना दिसला तेव्हा त्याने तोंड फिरवलं. साक्षीदार म्हणून मी दोघांच्या मधे बसले होते आणि तोंडात मूग धरून होते. म्हणजे, मला तसं वाटत होतं. नंतर कळलं की वाटेत मी भिंगरीला दोनदा पाणी प्यायला लावलं आणि एकदा ताठ बस म्हणून सांगितलं.

गाडी भरधाव निघाली. गतिरोधक आला की भिंगरी फक्त श्वास रोखायचा, ब्रेक नाही. मागून प्रत्येक वेळी थप्प असा ओला आवाज यायचा आणि दादा डोळे मिटायचा. एवढी घाई कशासाठी हे मला कळेना, कारण बाजाराशी पोचलो तर समोर ट्रकांची रांगच रांग. आमचा नंबर सत्त्याऐंशी. साडेतीन तास उन्हात रांगेत उभे होतो, मधूनच चार हात पुढे सरकत. ताडपत्री तापून वास मारायला लागली, मागच्या फळीतून लाल पाणी ठिबकायला लागलं. दादा खाली उतरून ते ठिबकणं बघत बराच वेळ उभा होता. रांगेच्या तोंडाशी गेटची खिडकी होती आणि त्या खिडकीत त्याच्या ओळखीचा माणूस बसला होता. तो तिकडे गेला नाही. परत येऊन केबिनमध्ये बसला आणि त्याने वही उघडली.

“मला एक सांग,” तो भिंगरीला म्हणाला. “तुला असं भरून का निघावं लागतं?”

मी दचकले, कारण हा प्रश्न आमच्या घरात टोमणा म्हणूनच विचारतात. पण त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. भिंगरीलाही ते कळलं असावं. त्याने आधी पाण्याची बाटली तोंडाला लावली, माझ्याकडे बघून, आणि मग सांगितलं. गाडी नीट रचायला वीस मिनिटं जास्त लागतात. तेवढ्यात आजूबाजूच्या मळ्यांतल्या तीस-चाळीस गाड्या पुढे निघून जातात. मग सत्त्याऐंशीचा नंबर सव्वाशे होतो, आणि सव्वाशेची गाडी आज उतरतच नाही. सगळा माल उद्यापर्यंत गाडीत शिजतो. त्यापेक्षा शंभरातले वीस-बावीस टोमॅटो चेपलेले परवडतात. “रचता येतं मला, काका,” तो म्हणाला. “माझे वडीलही ड्रायव्हरच होते.”

दादा लिहायचं थांबला. मग माझ्याकडे वळून, पण खरं तर स्वतःशीच, म्हणाला की त्याला या रांगेत कधी थांबावंच लागलं नव्हतं. त्याचा माल घेणारा म्हातारा व्यापारी त्याच्यासाठी आत जागा धरून ठेवायचा. अठ्ठावीस वर्षं तो सावकाश रचून, सावकाश चालवून, सरळ आत जायचा, आणि बाहेर उभ्या असलेल्यांना नावं ठेवायचा. “माझी निम्मी हुशारी म्हणजे सवड होती गं, छोटी.” हे बोलताना त्याचे डोळे भरून आले. 

दुकानात मोजले तेव्हा बावीस टोमॅटो नासलेले निघाले. दादाने ‘बावीस’ असं अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि माझ्यापुढे वही सरकवली. मीही सही केली.

पुढचे दहा दिवस वहिनीचं घर म्हणजे कागदांचं गोदाम झालं. दादा आराखडा करत होता. गोष्ट साधीच होती. नंबर गेटवर पोचल्यावर मिळण्याऐवजी गाडी मळ्यात उभी असतानाच फोनवर मिळावा, वेळेसकट. म्हणजे धावायचं कारण राहत नाही, रचायला वेळ मिळतो, आणि साडेतीन तास गरम होत उभं राहावं लागत नाही. इंजिन चालू ठेवून रांगेत पुढे सरकताना किती डिझेल जळतं तेही त्याने काढलं. पोट, न्याय आणि हवा, मॅडमचे तिन्ही प्रश्न त्यात येत होते. या दिवसांत तो दोनदा भिंगरीकडे जाऊन आला आणि प्रत्येक वेळी येऊन आराखड्यातलं काहीतरी खोडलं.

सादरीकरण गोदामावरच्या त्याच खोलीत झालं. समोर टेबलामागे मॅडम, सोसायटीच्या अध्यक्ष असलेल्या मळेवाल्या बाई, एक दुकानदार आणि बाजाराच्या गेटचे मुख्य साहेब. गाडी साहेबांपाशी अडली असती तर सगळंच मुसळ केरात, कारण नंबर द्यायचे त्यांनीच. मी आणि वहिनी मागे. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, भिंगरी. त्याला दादाने बोलावलं होतं आणि तो खरंच आला होता, केस पाणी लावून बसवून. दादाने सगळं नीट सांगितलं. घाम पुसला, एकदा कागद उलटा धरला, पण सांगितलं.

साहेबांनी मान हलवली. कागदावर छान आहे, म्हणाले, पण तुम्ही या पोरांना ओळखत नाही. वेळ दिली तरी हे वेळेवर येणार नाहीत, एकमेकांच्या पुढे घुसणार. शिस्त लावायला गेलं की अंगावर येतात. आजवर कुणाचं ऐकलंय यांनी, तुमचं ऐकतील?  खरं म्हणजे दादाकडे याचं उत्तर नव्हतं, आणि खोटं उत्तर द्यायचं त्याने आता सोडलं होतं. त्याने मागच्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाला, “हे मला सांगता येणार नाही, साहेब. त्याला विचारा.”

भिंगरी उठून उभा राहिला. बसूनच सांग, असं मी म्हणणार होते, वहिनीने माझा दंड धरला.

“साहेब, पहिल्या वेळी या काकांनी माझी अख्खी गाडी खाली करून परत भरली,” तो म्हणाला. “तेव्हाच ठरवलं होतं की या माणसाचं काही ऐकायचं नाही. दुसऱ्या वेळी ते माझ्या गाडीत अकरा तास बसले. माझं कुठे कुठे चुकतंय ते मला कळत होतं, आणि त्यांनाही कळत होतं. मी सारखी वाट बघत होतो, आता बोलतील, आता बोलतील. नाही बोलले. या मावशी तीनदा बोलल्या.” सगळी खोली हसली, मीही हसले, काय करणार. तो मात्र हसला नाही. “माझ्या वडिलांनी मला कधी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा न बोलता गाडी नेऊ दिली नाही. या काकांनी शेवटी एकच विचारलं, तुला असं का करावं लागतं. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी ठरवलेल्या वेळेला मी येईन. बाकीच्यांनाही मी आणीन.”

साहेबांनी जरा वेळ पेन टेबलावर आपटलं. मग कोरा कागद पुढे ओढला आणि सकाळच्या पहिल्या तासात किती गाड्या घेतल्या तर जमेल, असं विचारलं. विचारलं ते भिंगरीला. तो आकडे सांगायला लागला, अडखळला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. दादाला तो आकडा तोंडपाठ होता. त्याचे ओठ हलले ते मी बघितलं. पण तो मुलगा स्वतः उत्तरापर्यंत पोचेपर्यंत दादा फळ्यापाशी हात बांधून उभा राहिला, आणि मॅडमनी त्याच्या नावापुढे खूण केली ती तेव्हाच, त्यांनी नंतर मला सांगितलं. सल्लागाराची एक जागा सव्वीस टोमॅटोवाल्या मुलीला मिळाली आणि दुसरी दादाला. वहिनी सगळ्यांसमोर रडली. मीही रडले, पण आधी ती रडली.